सापत्यविहारमीमांसा : लखनौ खंड

१९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून लखनौ येथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. रागांचा अफाट पसारा दहा थाटांत बसवणाऱ्या या महाराष्ट्रीय पंडिताच्या कर्मभूमीत, मुलांना घेऊन बाहेर पडण्याचा प्रपंच मात्र आजतागायत अवर्गीकृत राहावा, ही ज्ञानक्षेत्रातील गंभीर उणीव होय. प्रस्तुत निबंधात तिचे निराकरण केले आहे.

लक्षण : किमान एका प्रौढाने किमान एका अपत्यासह, परतण्याच्या हेतूने, मोकळ्या हवेत केलेले विलंबित गमन म्हणजे सापत्यविहार.

पदकृत्य : ‘परतण्याच्या हेतूने’ हे पद गाळल्यास बदलीच्या गावी जाण्यावर अतिव्याप्ती होते. ‘मोकळ्या हवेत’ हे पद गाळल्यास दंतवैद्याकडे जाणेही विहारात मोडेल. ‘विलंबित’ हे पद अपरिहार्य आहे. कारण दारास कुलूप लागल्यानंतर अपत्यास शू लागली नाही, असा विहार अद्याप आढळलेला नाही.

थाटविचार : लखनौतील विहारांचे थाट पाच. प्रत्येकात अपत्याचे वाक्य वादी आणि प्रौढाचे संवादी मानावे.

१. प्राणिदर्शन थाट. पीठ : नवाब वाजिद अली शाह प्राणिउद्यान, स्थापना १९२१. वादी ‘कुठंय?’, संवादी ‘तो काय, झाडामागे!’ दर्शनीय वस्तू व्याघ्र. परंतु तो निद्रिस्त असल्याने अपत्याची दृष्टी पिंजऱ्याबाहेरील खारीवर स्थिरावते. खार स्वगृही, खिडकीतूनही दिसते, हा आक्षेप येथे अग्राह्य होय. याच आवारातील राज्य संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. व्याघ्र आणि ममी यांतील भेद अपत्यास कसा पटवावा, हा या थाटातील सर्वांत कूट प्रश्न. तो न सुटल्यास छोट्या आगगाडीत बसावे.

२. भ्रमण थाट. पीठ : नवाब आसफउद्दौला याने दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून १७८४ साली बांधवायला घेतलेला बडा इमामबाडा. वादी ‘मी पुढे जातो’, संवादी ‘पळू नकोस!’ येथील भूलभुलैयात कोण हरवले याविषयी दोन पक्ष आहेत. प्रौढपक्षानुसार अपत्य हरवते. अपत्यपक्षानुसार आईबाबा हरवतात आणि त्यांना शोधून काढावे लागते. मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब असून त्यास तुळईचा आधार नाही. त्याच्या सज्जात एका टोकास कागद फाडला तर दुसऱ्या टोकास ऐकू येतो, हे वाटाडे सप्रयोग सिद्ध करतात. तथापि ‘पळू नकोस’ हे संवादी वाक्य त्याच सज्जात दोन हातांवरील अपत्यास ऐकू जात नाही. ध्वनिशास्त्राने याची उपपत्ती द्यावी.

३. विस्तार थाट. पीठ : गोमतीनगरातील जनेश्वर मिश्र उद्यान, २०१४ साली खुले झालेले, क्षेत्रफळ ३७६ एकर. वादी ‘मला उचलून घे’, संवादी ‘आता आलंच’. अपत्य यांपैकी सुमारे चार चौरस फूट भूमी उपयोगात आणते. तेथे मुंग्या असतात. ज्या स्थानी ते चालणे थांबवते, त्यास अंकारोहणबिंदू म्हणावे. हा बिंदू प्रवेशद्वारापासून सदैव कमाल अंतरावर असतो.

४. इतिहास थाट. पीठ : रेसिडेन्सीचे भग्नावशेष. वादी ‘संपलं?’, संवादी ‘ऐक तर!’ पिता भिंतींवरील तोफगोळ्यांच्या खुणा दाखवून १८५७ च्या वेढ्यावर व्याख्यान देतो. वेढ्यात अडकलेल्यांची सुटका सप्टेंबरात साधली नाही. नोव्हेंबरात, दुसऱ्या प्रयत्नात झाली. व्याख्यानात अडकलेल्या अपत्याची मात्र पहिल्याच प्रयत्नात होते. कारण हिरवळीस उतार आहे.

५. भक्षण थाट. पीठ : चौक. समय : हिवाळ्यातील प्रातःकाळ. वादी ‘हे नको’, संवादी ‘एकदा चाखून तर बघ’. दुधाचा फेस रात्रीच्या दवात ठेवून, केशर घालून केलेली मक्खन मलाई फक्त थंडीतच मिळते. तिच्यासाठी भल्या पहाटे उठवलेले अपत्य बटाट्याच्या वेफर्सचे पुडके मागते, जे स्वगृहाखालील दुकानात बारमाही उपलब्ध असते.

ऋतुविचार : मे-जूनमध्ये लू वाहते, डिसेंबर-जानेवारीत धुके दाटते, पावसाळ्यात पाऊस पडतो. उरलेल्या प्रशस्त काळापैकी फाल्गुनात वार्षिक परीक्षा असते. म्हणून हे शास्त्र मुख्यतः संकल्परूपाने जिवंत आहे.

संप्रदाय : पाण्याच्या बाटलीवरून तीन. पूर्वसिद्धतावादी बाटली, नॅपकिन, कपड्यांचा जोड आणि दशम्या बरोबर घेतात. तत्रलाभवादी ‘तिथं सगळं मिळतं’ या एकाच सूत्रावर निघतात. अर्धसिद्धतावादी बाटली आठवणीने भरतात आणि ओट्यावर ठेवतात. तिसरा संप्रदाय बहुसंख्य असून तो बहुधा पहिल्या दोहोंच्या विवाहातून उद्भवतो.

अवरोह : परतीचा मार्ग सर्व थाटांत समान. अपत्य ई-रिक्षात निद्राधीन होते, जिन्यावरून वाहून न्यावे लागते आणि अंथरुणावर ठेवताच पूर्ण जागृत होते. मेट्रोने परतल्यास झोप लागत नाही. उलट विहारात काय आवडले, या प्रश्नास ‘मेट्रो’ असे उत्तर येते. यास साध्यसाधनविपर्यय म्हणतात.

निर्णय : स्थळ हे केवळ निमित्तकारण, अपत्य हेच उपादानकारण. खार, मुंगी, उतार आणि वेफर्स ही चतुष्टयी सर्वत्र उपलब्ध असल्याने कोणताही थाट दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरत नाही. तरीही प्रत्यक्ष संशोधनार्थ पहिल्या थाटाची निवड करणाऱ्या अभ्यासकांनी वार पाहून निघावे. प्राणिउद्यान सोमवारी बंद असते.