बाहेरून दर्शन

प्राग पाहून आलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्याच्याकडे फोटो असतात. शेजारच्या जोडप्याने दिवाळीच्या फराळाला बोलावले आणि चिवड्याबरोबर चार्ल्स पूल झाला, चकली येईपर्यंत १४१० सालचे खगोलीय घड्याळ झाले, अनारशाला आम्ही राजवाड्यापाशी पोहोचलो. "हा बाहेरून," शेजारीण म्हणाली. "हाही बाहेरूनच. हा बसमधून." टूर कंपनीच्या छापील कार्यक्रमात त्याला 'फोटो स्टॉप' म्हणतात, ही माहिती लाडवासोबत मिळाली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "राजवाडा, नदी, जुना पूल आणि किल्ला. एवढंच ना? मग भोरला काय कमी आहे? स्वारगेटहून एसटी मिळते."

आणि तिने कार्यक्रम आखायला घेतला. टूर कंपनीच्या भाषेतच. 'सकाळी भोर शहराचे ओरिएंटेशन. राजवाडा (बाहेरून दर्शन). भाटघर (फोटो स्टॉप). सायंकाळ खरेदीसाठी मोकळी.' भोरला खरेदी कसली, असे विचारल्यावर तिने 'तांदूळ' असे कंसात लिहिले.

एसटीत बायकांना २०२३पासून अर्धे तिकीट आहे. त्याचा परिणाम असा, की निम्म्या पैशात बसलेली व्यक्ती खिडकीपाशी आणि पूर्ण पैसे भरलेली व्यक्ती पिशव्यांपाशी. कात्रजचा बोगदा गेला, कापूरहोळला गाडी महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागली. कापणी चालली होती. बायकोने खिडकीतून नाक बाहेर काढून "आंबेमोहर!" असे जाहीर केले. मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "इंद्रायणी हाय ती." बायको म्हणाली, तिला वासावरून कळते. आजोबा म्हणाले, त्यांना सातबाऱ्यावरून कळते.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा मात्र गावाच्या मधोमध तसाच उभा आहे आणि मालिका-सिनेमावाल्यांना भलताच आवडतो. आम्ही गेलो तेव्हा चौकात सात-आठ मावळे चहा पीत उभे होते. अंगरखा, पागोटे, कमरेला तलवार आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. कॅमेरा पायापर्यंत जात नाही, असा खुलासा एका मावळ्याने केला.

"राजे आहेत का आत?" बायकोने विचारले.

"राजे व्हॅनमध्ये आहेत. तिकडं एसी आहे."

प्रागच्या राजवाड्यावर म्हणे पहारेकरी बदलण्याचा सोहळा असतो, तो पाहायला लोक तासभर ताटकळतात. इथे पहारेकरी स्वतः पुढे होऊन "काकू, भाला धरता का? फोटो चांगला येईल" म्हणाला. भाला थर्मोकोलचा नव्हता, एवढे मी खांद्याला लागल्यामुळे सांगू शकतो. लाकडी खांब, कोरीव काम, प्रशस्त चौक हे सगळे डोळे भरून पाहावे असेच आहे. पण आमच्या संग्रहात राजवाड्याच्या एकूण छायाचित्रांपैकी बहुतेकांत बायको भाला घेऊन उभी आहे.

भाटघरला गेलो तेव्हा ऊन टळटळीत होते. धरण १९२८ साली पुरे झाले आणि त्याला गव्हर्नर लॉइडचे नाव दिले. पुढे जलाशयाला शिवाजी महाराजांचे साथीदार येसाजी कंक यांचे नाव मिळाले. येसाजी भुतोंड्याचे, म्हणजे इथलेच. साडेतेवीस टीएमसी पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जाते. थोडक्यात, भिंत लाटसाहेबाची, पाणी येसाजींचे आणि ऊस बारामतीचा. हे वाक्य मी मोठ्याने बोललो, तर जवळ उभा असलेला माणूस खूश झाला आणि त्याने आम्हाला उन्हाळ्यात पुन्हा यायचे आमंत्रण दिले. "मग बघा आमचे टँकर," म्हणाला. तोही फोटो स्टॉपच.

आंबवड्याला झुलता पूल आहे, संस्थानच्या काळातला. चार्ल्स पुलावर चित्रकार, वादक, जगभरचे प्रवासी अशी रेटारेटी असते म्हणतात. आंबवड्याच्या पुलावर समोरून एक शेळी आली. पूल हलतो, शेळी हलत नाही. आम्ही मागे आलो.

मुक्कामाच्या लॉजचे भाडे 'नाश्त्यासह' होते. नाश्ता म्हणजे मालकाने खिडकीतून दाखवलेली पोह्यांची गाडी. पोहे उत्तम होते.

नसरापूरला बनेश्वर. पेशव्यांच्या काळातले गर्द झाडीतले देऊळ, आणि देवळात घंटा. घंटेवर क्रूस आहे आणि साल १६८३. पोर्तुगीजांची घंटा, महादेवापुढे टांगलेली. बायको बराच वेळ ती न्याहाळत राहिली. मग तिने ती दणदणीत वाजवली आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत 'युरोप' असे लिहून त्यापुढे बरोबरची खूण केली. मला सगळ्या दौऱ्यात ही खूण सर्वांत न्याय्य वाटली. युरोपात आपण घंटा बघतो. हात लावला तर शिपाई येतो.

तिथून जीपने वेल्हे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय याबद्दल ड्रायव्हरचे मत उदार होते. माझ्या मांडीवर कुणाचे तरी खताचे पोते होते. वेल्ह्यात उतरलो तर समोर तोरणा. समोर म्हणजे आकाशात. १४०३ मीटर उंचीचा डोंगर अंगावर आल्यासारखा उभा. या तोरण्याची कहाणी मोठी अन्यायाची आहे. महाराजांनी कोवळ्या वयात घेतलेला हा गड. डागडुजी करताना तिथे धन सापडले आणि ते राजगड बांधायला लावले, असे परंपरा सांगते. पुढे राजगड पाव शतक राजधानी झाला. जुलै २०२५मध्ये पॅरिसला बैठक भरली आणि युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. आणि वेल्हे तालुक्याचे नाव बदलायचे ठरले, तेव्हा तालुक्याचे गाव तोरण्याच्या पायथ्याशी असूनही २०२४मध्ये नाव ठरले राजगड! भोर संस्थानात निदान दोघांचे हिशेब वेगळे होते. एक तालुका राजगड, दुसरा प्रचंडगड, म्हणजे तोरणाच. घरचा कर्ता भाऊ खपतो आणि सत्कार धाकट्याचा होतो, तशी ही गत.

हे मी चहाच्या टपरीवर तावातावाने मांडले. टपरीवाला म्हणाला, "गड चढून आलाय का?"

"नाही. बाहेरून पाहिला."

"गड बाहेरनंच असतोय साहेब. आत काय, घर हाय व्हय?" आणि त्याने चहाचे पैसे मागितले.

या वाक्याने बायकोचा स्वाभिमान जागा झाला आणि आम्ही राजगडाच्या गुंजवणे वाटेला लागलो. वाट सुरुवातीला बरी असते. फसवणूक नंतर सुरू होते. उतरणारी पोरे प्रत्येक वळणावर "काका, थोडंच राहिलंय" म्हणत होती. गिर्यारोहकांच्या जमातीत खरे बोलण्यावर बंदी असावी. चोर दरवाजाच्या अलीकडे बऱ्याच खाली, झाडाच्या सावलीत एक मावशी ताक घेऊन बसल्या होत्या. किटली खालून डोक्यावर आणलेली. आम्ही मोकळ्या हातांनी धापा टाकत होतो. तिथे कार्यक्रमपत्रिका घडी होऊन पिशवीत गेली.

"पुन्याहून का?" मावशींनी दुसरा ग्लास भरला. "आता फॉरेनची लोकं यायची म्हणत्यात. यादीत नाव आलंय ना गडाचं. ताई, त्यास्नी ताक चालंल का?"

बायकोने शेजाऱ्यांच्या प्रागमधल्या सगळ्या जेवणांचे वर्णन ऐकलेले होते. ती अधिकाराने म्हणाली, "चालेल. पण मिरची नको. आणि जिरं नको. मीठही अगदी बेताचं."

मावशींनी हातातली मिठाची पुडी खाली ठेवली.

"आजारी असत्यात व्हय ती?"