मिस्त्री, आवाज काढ!

शिरूर-दौंड पट्ट्यात मोटारसायकल किती पळते हे कुणी काट्यावर बघत नाही. जुन्या गाडीचा काटा तसाही मेलेला असतो. वेग इथे कानाने मोजतात. न्हावऱ्याच्या फाट्यावर चहा पिणाऱ्यांना गाडी दिसायच्या आत ऐकू आली, तर ती पळणारी. आधी दिसली आणि मग ऐकू आली, तर ‘काय राव, स्कूटी हाय का?’

आजोबांनी उसाच्या बिलावर घेतलेली, वडिलांनी कडब्याआड उभी करून ठेवलेली बुलेट आता नातवाने ‘व्हिंटेज’ म्हणून बाहेर काढली आहे. त्याने ती धुतली, पुसली, टाकीला हार घातला, आणि वारसा जपण्याचं पहिलं काम म्हणून तिचा सायलेन्सर काढून टाकला. त्याजागी लावायला गॅरेजात मोठ्या आवाजाचे भरपूर सायलेन्सर: लाँग पंजाब, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, इंदोरी. मिस्त्री एवढंच विचारतो, “भाऊ, भजन पाहिजे का फटाके?”

मिस्त्रीचा सिद्धांत असा, की सायलेन्सरच्या आतली जाळी काढली की इंजिन मोकळा श्वास घेतं. घेतं ना! धूर भसकन बाहेर जातो, हवा जास्त आत येते. पण कार्बोरेटरचा जेट जुनाच, म्हणजे पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजायला लागतो. मूठ सोडली की न जळलेलं पेट्रोल तापल्या पाइपात फाडफाड पेटतं. या वाया गेलेल्या पेट्रोलच्या आवाजाला आपल्याकडे पॉवर म्हणतात. 350 सीसीची जुनी बुलेट मुळात 18 हॉर्सपॉवरची. मोठा जेट टाकून, सुई वरखाली करून, प्लगचा रंग बघत चार दिवस घासाघीस केली, तर वरच्या आरपीएमला थोडंफार पदरात पडतं. मात्र त्या आरपीएमला आरसे, साइड पॅनल आणि चालवणाऱ्याच्या दाढा एकदम हलतात. तिची खरी मिजास म्हणजे 90 मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमला मिळणारा ओढा. नेमका तोच ढिला पडतो. पण ओढ्याचा व्हिडिओ निघत नाही.

राजदूत-येझदीवाल्यांची कथा याहून करुण. या टू-स्ट्रोक गाड्यांच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नाही; जळक्या धुराबरोबर ताजं मिश्रणही बाहेर सटकू बघतं. सायलेन्सरचं पोट नीट आखलेलं असेल, तर तिथून परतणारी दाबाची लाट त्याला ढकलून आत आणते. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने 1950 च्या दशकात या लाटेचा हिशोब बसवून रेसच्या गाड्या पळवल्या. 1961 मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेला पळाला आणि ती विद्या सुझुकीच्या हाती लागली. पाइपाच्या पोटातल्या हिशोबासाठी माणसं शीतयुद्धाची सीमा ओलांडत होती. आमच्याकडे ते पोट ग्राइंडर लावून चहा यायच्या आत कापतात. मग पिकअप मरतो, ॲव्हरेज बसतं, आणि गाडीचा मालक पंपावर महागाईवर बोलतो.

जुने मिस्त्रीही येझदीचे सायलेन्सर उघडायचे हो. जाळी ओढून काढायची, रॉकेलमध्ये भिजवून पेटवायची, ऑइलचा काळा थर ठोकून झाडायचा आणि जाळी होती तिथे परत. गाडी खरंच पळायची, तीही आवाज न करता. साहजिकच हा धंदा बंद पडला.

दौंडकरांकडे तर चाचणी केंद्रच आहे. रेल्वेखालची कुरकुंभ मोरी. इतरांसाठी ती गावातून पलीकडे जायची वाट, पोरांसाठी कलामंदिर. आत उभं राहून क्लच दाबून मूठ पिळायची आणि घुमलेला आवाज ऐकून गाडीचा टॉप स्पीड ठरवायचा. गाडी त्या वेळी जागेवरच असते, हा तपशील. आमच्या एका इच्छुक उमेदवाराने शिरूरहून चौफुल्यापर्यंत बुलेटची रॅली काढली. निम्म्या गाड्या तापून वाटेतच कडेला लागल्या. दुसऱ्या दिवशी फलकावर शब्द होता, ‘दणदणाट’. माणूस निवडून येईल असं दिसतंय.

कायदा आहे. मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम सायलेन्सर लावा म्हणतो, कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 पासून दंड 10 हजारांपर्यंत किंवा कैद तीन महिन्यांपर्यंत, किंवा दोन्ही. शहरांत पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात. या कार्यक्रमाला गर्दी चांगली होते, कारण रोडरोलरही बऱ्यापैकी वाजतो. शिवाय 2021 च्या नियमांनी 50 वर्षं ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर देऊ केला आहे. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि रोजच्या वापराला ती काढायची नाही. नातवाचं म्हणणं, सायलेन्सर या तिन्हींत येत नाही, तो भावनेत येतो.

तरी पुन्हा पासिंग करायची वेळ आली की भावना गुंडाळून ठेवावी लागते. त्यासाठी पंचक्रोशीत एक अस्सल, न कापलेला, जाळीसकट सायलेन्सर शिल्लक राखला आहे. गोणपाटात गुंडाळून तो या गॅरेजातून त्या गॅरेजात फिरतो. भाडं दिवसावर, डिपॉझिट वेगळं, डाग पडला तर भरपाई. परवा चौकशी केली, तर तो दौंडला गेलेला. पुढे तीन बुलेट नंबर लावून उभ्या आहेत, त्यातली एक ध्वनिप्रदूषणावर ठराव मांडणाऱ्या सरपंचांची.