बाण कसे रंगवावेत

जीन क्लस्टरांच्या तुलनेचे चित्र काढायला आता अक्कल लागत नाही. आडव्या रेघा, त्यांवर जनुकांचे बाण, सारख्या बाणांना जोडणारे करडे पट्टे. २०२१ साली प्रसिद्ध झालेला ‘क्लिंकर’ हा प्रोग्राम हे एका आज्ञेत करून देतो. आपल्याकडे उरतात ती नावे आणि रंग, म्हणजे चित्र बिघडवण्याचे काम.

सरावाला ‘स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर’ या जिवाणूचा अ‍ॅक्टिनोऱ्होडिन क्लस्टर घ्या. खाली ग्रॅनॅटिसिन आणि मेडरमायसिन यांचे क्लस्टर मांडा. तिन्ही रेणू एकाच घराण्यातले. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन आम्लात लाल दिसते, अल्कलीत निळे. जिवाणूचे दोन रंगांत भागते. तुम्ही पंचवीस वापरा.

सारख्या जनुकांच्या गटांना ‘ग्रुप ०’, ‘ग्रुप १’ अशी आपोआप पडलेली नावे तशीच राहू द्या. ‘ग्रुप ७’ म्हणजे काय, ते वाचकाने शोधावे. सूचीतल्या नावावर क्लिक केले की नाव बदलता येते, शेजारच्या रंगीत ठिपक्यावर केले की रंग, ही बातमी प्रयोगशाळेत फुटू देऊ नका.

आता दोन जनुके सारखी मानण्याचा उंबरठा. मुळात तो ३० टक्के साम्याचा असतो. चित्र भरगच्च हवे म्हणून आणखी खाली ओढा. इथे गट जमतात ते लग्नाच्या याद्यांसारखे: ‘अ’चे ‘ब’शी जुळले, ‘ब’चे ‘क’शी जुळले, की ‘अ’ आणि ‘क’ एकमेकांना ओळखत नसले तरी एकाच पंगतीत. फळ लगेच मिळते. या तिन्ही क्लस्टरांत केएस-आल्फा आणि केएस-बीटा या भावंड-प्रथिनांची जनुके शेजारीशेजारी असतात. अनुक्रमात नाते उघड आहे, पण रेणूची साखळी जोडायला लागणारे सिस्टीन आल्फाकडे असते, बीटाकडे नसते. सैल उंबरठ्यावर दोघांना एकच रंग मिळू शकतो. मिळाला तर त्यावर ठळक अक्षरांत ‘केटोसिंथेज’ लिहा आणि पुढे चला.

अर्धे चित्र अनुक्रमाच्या साम्यावरून रंगवा, अर्धे कामावरून, आणि चित्राखालच्या मजकुरात त्याबद्दल चकार शब्द काढू नका. एकमेकांशी काडीचे साम्य नसलेले दोन नियामक हिरवे करा, म्हणजे वाचक त्यांना सगोत्र समजेल. क्लस्टर शोधणाऱ्या ‘अँटिस्मॅश’मध्ये नियामक हिरवे आणि वाहतुकीची जनुके निळी पाहायची लोकांना सवय आहे, अदलाबदल केलीत तर आणखी मजा. साखरेची जनुके ग्रॅनॅटिसिन आणि मेडरमायसिनमध्ये आहेत, अ‍ॅक्टिनोऱ्होडिनमध्ये नाहीत. चित्रातली बघण्यासारखी गोष्ट खरे तर हीच, म्हणून ती फिक्या राखाडीत घाला. भडक केशरी राखून ठेवा ‘हायपोथेटिकल प्रोटीन’साठी. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्या परीक्षकांसाठी ओकाबे आणि इतो यांनी आठ रंगांचा संच सुचवला आहे. आठात तुमचे काय होणार?

नावे बाणांवर तिरकी लिहा, प्रत्येक बाणावर लिहा, आणि चित्र एका स्तंभाच्या रुंदीत बसवा.

शेवटी एसव्हीजी उतरवून एकेक बाण हाताने रंगवा. कोणते जनुक कोणत्या गटात आणि कोणत्या गटाला कोणता रंग, हे दोन स्तंभांच्या दोन साध्या सीएसव्ही फायलींत लिहून क्लिंकरला देता येते, पण त्या वाटेला जाऊ नका. दिलीत तर मार्गदर्शकांनी शुक्रवारी संध्याकाळी ‘अजून एक क्लस्टर घालू या का?’ म्हटल्यावर तुम्ही पाच मिनिटांत मोकळे व्हाल, आणि त्यांना वाटेल की तुमच्याकडे कामच नाही.