करिता

जिमखान्याच्या मॅडम दिसायच्या आधी ऐकू येतात. हातात किल्ल्यांचा जुडगा: स्टोअरची, मुलींच्या चेंजिंग रूमची, ट्रॉफ्यांच्या कपाटाची, पाण्याच्या टाकीची. सरांच्या केबिनची तेवढी नाही. सर म्हणजे आमचे जिमखाना प्रमुख आणि विभागीय क्रीडा समितीचे सचिव. मॅडम म्हणजे नेमक्या कोण, याला शब्द सापडत नाही. मी मराठीचा प्राध्यापक, वेळेवर नाही म्हणता आलं नाही म्हणून क्रीडा समितीवर आहे. शब्द शोधणं हा माझा धंदा, तरी अडलंय.

कागदोपत्री दोघांचं पद एक, पगार एक. निवडीच्या दिवशी यूजीसीच्या नियमाप्रमाणे दोघांनाही पळावं लागलं होतं. तिशी ओलांडलेल्या, चाळिशीच्या आतल्या पुरुषांना 12 मिनिटांत 1500 मीटर, बायकांना 8 मिनिटांत 800. मॅडम जुन्या खो-खोपटू. 4 मिनिटांत मोकळ्या होऊन घाम पुसत उभ्या राहिल्या, तर परीक्षकांनी हातात स्टॉपवॉच दिलं. "मॅडम, रिकाम्याच आहात, पुढच्यांची वेळ घ्या ना." अशा रीतीने सरांची वेळ मॅडमनी घेतली: 11 मिनिटं 50 सेकंद. मग सरांचं नेमणूकपत्र सोमवारी निघालं, मॅडमचं बुधवारी. मधल्या दोन दिवसांना सेवाज्येष्ठता म्हणतात.

सर कायम 'मीटिंगला' असतात. त्यामुळे प्रवेशअर्ज, बोनाफाईड, टीए-डीएची बिलं, सगळ्यावर प्रमुखांच्या पदनामाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'करिता' लिहून मॅडम सही ठोकतात. खेळाडूच्या फोटोवरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर पडावा लागतो. मॅडमचा शिक्का कधी केसभर हललेला नाही. 'करिता' तर इतकं सराईत झालंय की पेन टेकवलं की आधी तेच उमटतं.

समितीच्या सचिवपदासाठी एकदा त्यांचं नाव निघालं होतं, नाही असं नाही. मीच काढलं होतं. सगळे हळहळले. "अहो, रात्री-अपरात्री प्रवास, बाहेरगावी मुक्काम. मॅडमना घर आहे, मुलं आहेत." त्यांच्या घराची एवढी काळजी त्यांच्या सासूबाईंनीही केली नसेल. पंधरा दिवसांत विद्यापीठाचा मुलींचा संघ जालंधरला निघाला. संघ मुलींचा, तेव्हा व्यवस्थापक बाईच हवी. झेलम एक्स्प्रेस, स्लीपरचा डबा, दोन रात्री, बारा मुली, त्यातल्या दोघी आरएसीवर. या खेपेला घराचा विषय कुणी काढला नाही.

मॅडमची ती प्रवासाची बॅग एकदा पाहिली मी. सेफ्टी पिना, पॅड, ओआरएस, क्रेप बँडेज, बुटांच्या नाड्या, गूळ-शेंगदाणे आणि प्रत्येक मुलीच्या वडिलांचा नंबर लिहिलेली वही. "मोबाइल बंद पडतो, वही पडत नाही," म्हणाल्या.

आता त्यांची दुसरी बाजू. मॅडमच्या हातून काम काढून घेणं महाकठीण. मैदानावर फक्कीची रेघ वाकडी दिसली की शिपायाच्या हातातला डबा हिसकावतात. "राहू द्या हो, मीच करते," हे वाक्य दिवसातून तीसदा. निवड समितीत तिघे पुरुष चहा पीत नावं ठरवतात आणि यादी मॅडम लिहितात. का, तर अक्षर चांगलं. मी एकदा म्हटलं, लिहू नका. म्हणाल्या, "सरांनी लिहिली तर पोरींची आडनावं चुकतात." याला उत्तर नव्हतं.

त्यांची भाची अमेरिकेत एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आहे. तिने फोनवर सांगितलं, "मावशी, इकडे कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या सगळ्यात वरच्या बाईला 'सीनियर वुमन ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात." मॅडम हरखल्या. मग विचारलं, "आणि तिच्या वर कोण?" पलीकडून नुसतं हसू आलं. शिक्षणात मुलामुलींत भेद न करण्याचा कायदा तिकडे 1972 मध्येच झाला, टायटल नाइन. मुलींना मैदानं मिळाली, पैसा आला, आणि त्याआधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्या दहांत नऊहून अधिक बायका असत, त्या आता निम्म्याही नाहीत. पैशाबरोबर तिकडचे सरही आले.

यंदा मॅडमनी बढतीची फाइल लावली. यूजीसीची करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, स्टाफरूमच्या भाषेत 'कॅस'. सरांची फाइल मॅडमनीच लावली होती, पहिल्या फटक्यात पास झाली. स्वतःच्या फाइलला मात्र स्पर्धा भरवल्याचे पुरावे जोडताना घोळ झाला. अहवाल सगळे मॅडमच्या अक्षरात, खाली आयोजक म्हणून सरांचं नाव. तरी चार रात्री जागून कुठून कुठून कात्रणं, पत्रं, निकालपत्रकं गोळा केली, अनुक्रमणिका केली, पानांना नंबर घातले, सही केली, पाठवली.

महिन्याभराने फाइल परत आली. लाल शाईत एकच त्रुटी होती: 'अर्जदाराच्या पदनामावर "करिता" लिहून अन्य व्यक्तीने सही केल्याचे दिसते. अर्जदाराने स्वतः सही करावी.'