मोटारनिर्णयसिंधू

एकादशी स्मार्तांनी कोणत्या दिवशी धरावी आणि भागवतांनी कोणत्या, यावर आपल्या शास्त्रकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. ग्रीक बेटावर सुट्टीला गेल्यावर मोटार भाड्याने घ्यावी की नाही, याबाबत मात्र ते मूग गिळून बसले आहेत. ही उणीव येथे भरून काढत आहोत. विवेचन सर्व यात्रेकरूंसाठी असले तरी लिहिताना नजरेसमोर आमचे साडू आहेत, हे सुज्ञांनी ओळखावे. साडूंनी ओळखू नये.

प्रथम अधिकारविचार. ज्याच्यापाशी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आहे, तोच मोटारीचा अधिकारी. हे परमिट निघण्याआधी भारतातच, आरटीओकडून काढावे लागते आणि सोबत आपले मूळ लायसन्सही न्यावे लागते. "तिथं कोण बघतंय राव!" असे म्हणणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, एरवी कोणी बघो न बघो, ठोकल्यावर विमा कंपनी बघते. अनामत रक्कम बहुधा चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. त्यामुळे "कार्ड तुमचं, स्टिअरिंग माझं" ही साडूंची वाटणी काउंटरवर टिकत नाही.

आता देशविचार. हायड्रा बेटावर मोटारींना बंदी आहे. तिथे खेचरे, पाण्यातल्या टॅक्सी आणि स्वतःचे पाय. विषय संपला.

सँतोरिनीवर घेऊ नये. फिरा गावातून बेटभर बस सुटतात. इयाचा सूर्यास्त पाहायला सगळे बेट एकाच वेळी तिकडे लोटते आणि पार्किंग सापडेपर्यंत सूर्य आपले काम आटोपून गेलेला असतो.

नाक्सोसवर घ्यावी, पण बेताने. किनाऱ्यांवर बसने जाता येते. मोटार हवी ती हल्की, फिलोती, अपिरांथोस या डोंगरातल्या गावांसाठी, आणि त्याला दोन दिवस पुरतात. इथे साडू आठवडाभराचा स्वस्त दर काढून दाखवतात. त्याला भुलू नये. आठवडाभर मोटार दाराशी उभी असली की भाडे वसूल करण्यासाठी रोज सकाळी कुठेतरी जावे लागते. समोर चांगला समुद्र आहे, झाडाखाली खुर्ची आहे, हातात कॉफी आहे आणि साडू किल्ली वाजवत उभे आहेत! सुट्टी आपली राहत नाही, मोटारीची होते. अहो, आम्ही काही तालुक्याचा दौरा करायला आलो नव्हतो.

क्रीटवर मात्र घ्यावीच. हे बेट अडीचशे किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा "एका दिवसात प्रदक्षिणा घालू" या वाक्याला तिथल्या तिथे नकार द्यावा. अपवाद सामारियाच्या घळीचा. ही 16 किलोमीटरांची उतरण वर डोंगरात सुरू होते आणि खाली आगिया रुमेलीला समुद्रावर संपते. तिथून मोटाररस्ता नाही, बोट धरावी लागते. म्हणजे मोटार डोंगरावर आणि आपण समुद्रावर. सबब जाताना बस, सुटताना बोट, परतताना पुन्हा बस. साडूंना हे कागदावर काढून दाखवले, तरी ते विचारतच राहिले, "पण मग गाडी कोण आणणार?" बालोसच्या किनाऱ्याकडे जाणारा कच्चा रस्ता मोहात पाडतो. पण टायर आणि गाडीचे पोट यांना 'फुल इन्शुरन्स'मध्येही बहुधा जागा नसते, आणि कच्च्या रस्त्यावर तर अनेक करार हातच वर करतात. करार वाचावा. गाडी घेतानाच चहूबाजूंनी व्हिडिओ काढावा.

हस्तपादविचार. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि गिअर उजव्या हाताला येतो. ऑटोमॅटिक थोड्या असतात आणि महाग, म्हणून ज्याचा डावा पाय पुण्यात पेन्शनीत निघाला आहे त्याने आधीच बुकिंग करावे. इंडिकेटरचा दांडा डावीकडे असतो. कोरड्या ठणठणीत जुलैत वायपर सुरू झाले की मागच्यांनी समजावे, साडू वळत आहेत. क्रीटच्या हमरस्त्यावर सावकाश जाणारा कडेच्या पट्ट्यावर सरकून मागच्याला वाट देतो. साडूंना यात घराण्याची अप्रतिष्ठा वाटते. त्यांना अप्रतिष्ठा सोसायला लावावी.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. घाटात मागच्या सीटवर "अगं, ते बघ, ते बघ!" चाललेले असते आणि हा माणूस वळणावरची नजर न काढता विचारतो, "काय होतं?" जेवणानंतर खानावळवाला आग्रहाने राकी आणून ठेवतो. साडू आपला पेला मुकाट्याने माझ्याकडे सरकवतात आणि पाणी मागवतात. तेव्हा चालवणाऱ्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी द्यावेत, हा नियम इथे करून टाकत आहोत. संध्याकाळी पोहायला त्याला सर्वांत आधी सोडावे, हा दुसरा.

शेवटी प्रत्यर्पणविचार. गाडी दुसऱ्या बेटावर फेरीने नेण्याची परवानगी सहसा नसते, म्हणून बोटीआधी बंदरातच परत करावी. टाकी घेतली तेवढीच भरून द्यावी, आणि तीही आदल्या दिवशी, कारण लहान बेटांवरचे पंप लवकर बंद होतात. पंपावर माणूस असतो, तोच पेट्रोल भरतो. त्यामुळे साडूंना फार बरे वाटते. ते काच खाली करून त्याला मराठीत सांगतात, "झीरो बघून घ्या हं."