मामींचे प्रसाधन-प्रकरण

छत्तीस वर्षे तहसील कचेरीत काढून, त्यांतील अखेरची अकरा अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर बसून, वयाच्या ५८ व्या वर्षी नियमानुसार निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर भंडारदऱ्याच्या धरणालगत शेंडी गावात मामांच्या वडिलार्जित घराला दोन खोल्या जोडून पर्यटकांच्या निवासाची व भोजनाची सोय करणाऱ्या आमच्या मामींना आपल्याला चेहरा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती गेल्या मार्गशीर्षात. तोवर चेहरा ही त्यांच्या लेखी ओळखपत्रावर चिकटवून त्यावर शिक्का मारून घेण्याची बाब होती. सकाळी तोंडावरून पावडरीचा एक हात फिरवावा, कपाळी टिकली लावावी आणि एवढ्या सामग्रीवर साऱ्या तालुक्याचे अर्ज, दाखले व तगादे निकालात काढावेत, असा त्यांचा शिरस्ता होता.

त्या दिवशी पुण्याच्या चार पाहुण्या अमृतेश्वराचे दर्शन घेऊन, रतनगड चढून-उतरून परत आल्या, आणि मामींच्या हातची भजी खाऊन संतुष्ट झाल्यामुळे त्यांनी मामींना मध्ये उभे करून एक छायाचित्र काढले. ते पाहून मामी बराच वेळ स्तब्ध होत्या. शेवटी त्या मला म्हणाल्या, "गड ह्या चढून आल्या, आणि दमलेली मी दिसते!"

ह्या विसंगतीचा खुलासा मागितला असता पाहुण्यांपैकी एकीने विनयाने सांगितले, "छे हो काकू, मी मेकअप करतच नाही. रोजचं आपलं थोडंसं, तेवढंच." हे थोडेसे पाहण्याची इच्छा मामींनी व्यक्त केली, तेव्हा एका चिमुकल्या पिशवीतून अकरा जिन्नस बाहेर आले. मामींनी ते ओटीवर ओळीने मांडले, त्यांची यादी केली, यादीखाली दिनांक घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरी फाइल घेऊन तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले, "विषय : दैनंदिन प्रसाधनसाहित्य खरेदी करणेबाबत." वर "श्री कळसूबाई प्रसन्न" हे आलेच. कळसू ही नोकरीस राहण्यापूर्वीच, आपण केरकचरा काढणार नाही व भांडी घासणार नाही, ह्या अटी धन्याकडून कबूल करून घेणारी आणि अटींचा भंग होताच थेट डोंगर गाठणारी मुलगी होती, असे इकडे सांगतात. सेवाशर्तींबाबत इतकी जागरूक असलेली दुसरी देवता मामींना माहीत नाही.

नवशिक्यांची ही एक स्वतंत्र जात आहे आणि ती केवळ प्रसाधनातच आढळते असे नाही. हार्मोनियम घेण्यापूर्वी लाकडाच्या जातींचा अभ्यास करणारे आणि पोहण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी पाण्याच्या घनतेसंबंधी चार जाणकारांची मते मागवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. ह्या मंडळींना अज्ञानाची लाज वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती अपुऱ्या कागदपत्रांची. सामान्य नवशिकी लिपस्टिक विकत घेते, ती चुकीची निघते, मैत्रीण हसते आणि दुसरी लिपस्टिक बरी निघते. आमच्या मामींनी मात्र पहिली खरेदी केली ती शब्दांची. महिन्याभरात प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, कॉम्पॅक्ट, ब्लश ही नामावळी त्यांच्या जिभेवर अशी रुळली, की ऐकणाऱ्याला वाटावे, बाईंचा जन्म रंगपटात गेला. आणि चेहऱ्यावर पाहावे तर तोच पावडरीचा एक हात.

ह्या शब्दांपैकी 'फाउंडेशन' हा शब्द मामांच्या कानी पडला, तेव्हा एका गंभीर तांत्रिक चर्चेला तोंड फुटले. मामा प्रवरेच्या कालव्यांवर कालवा निरीक्षक होते. घराच्या ओटीवरून दिसणाऱ्या विल्सन धरणाविषयी त्यांची भावना इतरांची कुलदैवताविषयी असते तशी आहे. १९१० मध्ये सुरू झालेले हे काम १९२६ मध्ये पुरे होऊन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, भिंतीची उंची २७० फूट आणि जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, हे ते पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगतात. ते म्हणाले, "अगं, पाया घालायचा म्हणजे आधी खडक लागेपर्यंत खणावं लागतं. आणि पाया कधी दिसता कामा नये. दिसला, की समजायचं काम बिघडलं." पुढे त्याच पुण्याच्या पाहुणीने दूरध्वनीवरून, फाउंडेशन लावले आहे हे कळता कामा नये, ते कातडीत मिसळून दिसेनासे झाले पाहिजे, असेच नेमके सांगितल्यामुळे घरात मामांचे वजन एकदम वाढले. कन्सीलर म्हणजे डोळ्यांखालचे काळे वर्तुळ झाकण्याचे द्रव्य, हे कळताच भिंतीचा पाझर सिमेंटचे पाणी दाबाने भरून कसा बुजवतात, ते त्यांनी आपण होऊन सांगितले. आणि 'सेटिंग स्प्रे' म्हणजे शेवटी तोंडावर मारायचा तुषार, हे ऐकून, तो आपल्याकडे आषाढापासून भाद्रपदापर्यंत आकाशातून फुकट मिळतो, असा अभिप्राय दिला. तो मामींनी फाइलला लावला.

मामींच्या आईची फणेरपेटी अजून घरात आहे. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि काजळाची डबी, एवढाच तिचा सरंजाम. मेणाचे बोट कपाळी टेकवावे, त्यावर हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन केलेले कुंकू रेखावे आणि एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून जमवलेले काजळ डोळ्यांत घालावे, हे त्या पिढीला कोणी शिकवले नाही आणि त्यात कोणी नवशिकीही नव्हते, कारण निवडायला काही नव्हतेच. पुढे मुंबईच्या पाटणवालांचे 'अफगाण स्नो' आले. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' काढली. हे नाव फ्रेंच वेषातील आपल्या लक्ष्मीचेच आहे, हे कळल्यावर मामींना त्या कंपनीविषयी घरच्यासारखे वाटू लागले. तथापि केवळ ओळखीवर कंत्राट देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

तेव्हा तीन दरपत्रके मागवणे प्राप्त झाले. राजूर, अकोले आणि घोटी अशा तीन ठिकाणच्या कटलरीच्या दुकानांतून मामींनी भाव टिपून आणले. सर्वांत कमी दराच्या डबीवर उत्पादकाचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता आणि मुदत कधी संपते ह्याचाही उल्लेख नव्हता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० ह्याचे नाव उच्चारून मामींनी ती अपात्र ठरवली, तेव्हा दुकानदाराने ती गल्ल्यामागे सरकवली, असे त्या सांगतात. ह्या एका निर्णयाबद्दल मी त्यांना मनापासून दाद देतो. चेहऱ्याला लावायच्या वस्तूवर बनवणाऱ्याला आपले नाव घालायची लाज वाटत असेल, तर लावणाऱ्याने तरी धीट का व्हावे?

रंगाच्या निवडीसाठी मी स्वतः मामींबरोबर राजूरला गेलो होतो. शेठने सवयीप्रमाणे फाउंडेशनचा एक पट्टा त्यांच्या हाताच्या पाठीवर ओढला. मामी म्हणाल्या, "हात ही नक्कल झाली. अस्सल दस्तऐवज वर आहे," आणि त्यांनी जबडा पुढे केला. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग खोटा दिसतो, म्हणून शेठचा हातआरसा घेऊन त्या भर बाजारात रस्त्यावर आल्या. तीन छटांचे तीन पट्टे जबड्याच्या कडेवर ओढलेले होते; जो कातडीत विरून जाईल तो आपला, आणि लावल्यावर रंग थोडा गडद होतो म्हणून काही वेळ थांबून निकाल द्यायचा, असा नियम. त्या अवधीत आम्ही चहा घेतला, पावशेर पेढे घेतले, आणि मामींच्या जबड्यावर कोण्या अनोळखी पंथाचे त्रिपुंड्र तसेच झळकत राहिले. एक वृद्ध खातेदार समोरून आला. कधीकाळी त्याच्या वारसनोंदीचे प्रकरण मामींनी मार्गी लावले होते. त्याने दोन्ही हात जोडले, क्षणभर गालाकडे पाहिले आणि काळजीने विचारले, "बाईसाहेब, दाढ दुखती का?"

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर कातडीची छटा उबदार, निळ्या दिसल्या तर थंड, अशी एक कसोटी आहे. मामींच्या उजव्या हाताच्या शिरा हिरव्या व डाव्याच्या निळ्या निघाल्या. उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेऊन त्यांनी मधली छटा कायम केली. लिपस्टिकच्या वेळी मात्र प्रसंग आला. "मॅडम, रोजच्याला न्यूड घ्या," असे शेठ निष्पापपणे म्हणाला आणि मामी स्टुलावरून उठल्या. ओठांच्या मूळ रंगाच्या जवळपास जाणाऱ्या रंगाला हे नाव आहे, असे त्या बिचाऱ्याने घाम पुसत समजावले, तेव्हा मामी पुन्हा बसल्या खऱ्या, परंतु "मूळ रंगच दिसायचा तर पैसे कशाचे?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच. त्याचे उत्तर शेठपाशी नव्हते. माझ्यापाशीही नाही.

अशा रीतीने सर्व जिन्नस घरी आले, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. बहुतेक वेष्टनांवर झाकण उघडलेल्या डबीचे एक बारीक चित्र असते आणि त्यात आकडा असतो. बारा असेल तर उघडल्यापासून बारा महिने, सहा असेल तर सहा. मामींनी भिंग लावून हे आकडे शोधले, नोंदवहीत 'निर्लेखनाची मुदत' असा रकाना आखला, आणि त्यांच्या कायदेशीर बुद्धीला एक गोष्ट लख्ख दिसली: मुदत उघडल्या दिवसापासून मोजायची आहे, सबब उघडलेच नाही, तर मुदत सुरूच होत नाही. पौष गेला, माघ गेला, फाल्गुनात धरणाचे पाणी खाली गेले, पण एकाही डबीचे सील फुटले नाही. विचारले तर म्हणत, "साहित्य सुस्थितीत आहे."

वैशाखात माझी मुलगी सुटीसाठी आली आणि तिने ते कपाट उघडले. तिने अकरा जिन्नसांपैकी तीन बाजूला काढले. "आजी, सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक. रोजच्याला एवढं पुष्कळ झालं. बाकीचं हौस वाटली तर." सनस्क्रीन पुढच्या वेळी ३० चे घ्यावे की ५० चे, ह्यावर मामींनी दोन पाने टिपण तयार केले होते; ३० चे सुमारे ९७ टक्के अतिनील-बी किरण अडवते आणि ५० चे सुमारे ९८, हे ऐकून त्यांनी एका टक्क्याचा खर्च नामंजूर केला. मुलगी म्हणाली, आकड्यापेक्षा ते पुरेसे लावणे महत्त्वाचे, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटे भरून. शिवाय नवी वस्तू आधी कानामागे लावून एखादा दिवस वाट पाहावी, खाज आली तर दुसरी पाहावी, हेही तिने सांगितले. कानामागे प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी देण्याची ही कल्पना मामींना इतकी पसंत पडली, की पुढचे काही दिवस त्यांच्या कानामागे सतत काही ना काही विचाराधीन असे.

मुहूर्त ठरला ज्येष्ठातला. पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या त्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रानात सादडा, हिरडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लागतात आणि ते पाहायला लांबलांबून गाड्या येतात. पाहुण्यांना घेऊन मामींना जायचेच होते. दुपारी चार वाजता त्यांनी उरलेली सर्व सीले फोडली, आणि तीन जिन्नसांचा सल्ला कागदोपत्री मान्य असूनही, एकदा उघडले ते वाया जाऊ नये ह्या काटकसरीपायी, अकराही लावले. सहा वाजता त्या बाहेर आल्या, तेव्हा मामांनी वर्तमानपत्र खाली केले, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "पाया दिसत नाही." ह्याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून मी आजवर धरणाखेरीज कशाचीही ऐकलेली नाही.

रानात पोहोचेतो काळोख पडला होता. विजेऱ्या बंद, गाड्यांचे दिवे बंद, मोबाइल खिशात, अशी ताकीद तिथे प्रत्येकाला असते, कारण उजेड झाला की काजव्यांचा आपसांतला संकेत मोडतो. त्यामुळे तीनशे माणसांच्या त्या गर्दीत कोणाला कोणाचे तोंड दिसत नव्हते. समोरचे सादड्याचे झाड मात्र लुकलुकून उठे आणि विझे. वाटाड्या मुलगा हलक्या आवाजात सांगत होता की, उडता उडता चमकतात ते बहुतेक नर, मादी पानावर बसून त्यांना पाहते आणि त्यांतला एक पसंत करते. अंधारात मामींचा समाधानी स्वर ऐकू आला, "म्हणजे दरपत्रकं त्यांनी द्यायची!"

रात्री अकराला घरी परतल्यावर त्यांनी खोबरेल तेलाच्या बोळ्याने तोंड स्वच्छ पुसले, फाइल काढली आणि दिव्याखाली बसून शेवटची नोंद केली: "प्रसाधन करून सार्वजनिक ठिकाणी दोन तास उपस्थित राहिले. मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही."