पितळी घराणं

यवतमाळात कुणी ग्रामोफोनची पारख करायला बोलावलं, की मी आधी चहा घेतो आणि मग स्क्रू-ड्रायव्हर काढतो. उलट केलं तर चहा मिळत नाही.

कारण तपासायचं असतं यंत्र, पण टेबलावर मांडलेली असते यजमानांच्या घराण्याची इभ्रत. "भाऊ, आमच्या आबाजीले इंग्रज साहेबानं खूश होऊन देल्ला व्हता हा," अशी सुरुवात होते. साहेबाचं नाव कुणाला आठवत नाही आणि तो खूश कशानं झाला, तेही नाही. यंत्र घरी आलं ते मात्र सगळ्यांचं शकुंतलेनं. मूर्तिजापूर-यवतमाळची ती चिमुकली गाडी वऱ्हाडचा कापूस वाहायची, असं आपण ऐकत आलो. या घरोघरच्या हकिकती खऱ्या धरल्या, तर डब्यात कापसाचं बोंडही मावलं नसतं.

सालाचंही तेच. "अठराशे नव्वदचा आहे," हे मी मान डोलावून ऐकतो. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, पण तो नळकांड्यावर वाजे. बर्लिनरनं ग्रामोफोनचं पेटंट घेतलं १८८७ साली. आपल्या गवयांचा आवाज तबकडीवर उतरायला लागला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. त्याच वेळी गौहरजान गायल्या आणि गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. म्हणजे आबाजींनी १८९० साली यंत्र आणलं असेल, तर पुढची बारा वर्षं ते हँडल फिरवून नुसती चकतीच बघत बसले असणार.

चहा संपतो. मी कर्ण्याकडे वळतो. जुने कर्णे बरेचदा पत्र्याचे, रंग दिलेले असत; इथला पितळी असतो आणि त्यात अख्खं कुटुंब उलटं दिसतं. मग स्क्रू. फुलीच्या खाचेचे स्क्रू बाजारात आले १९३० नंतर. १९१० च्या म्हणवणाऱ्या पेटीत ते दिसले, की आबाजींच्या आधी नातू जन्मल्यासारखं वाटतं. मग साउंडबॉक्स. त्यातला पडदा आधी अभ्रकाचा असे, पुढे अॅल्युमिनियमचा आला. लाकडावर मी कधीच विसंबत नाही. आमच्या जिल्ह्याला सागवानाची वाण नाही, आणि हुन्नरी सुतारांचीही.

झाकण उचललं, की उलगडा होतो. आतली मोटर एचएमव्हीच्या १०२ नंबरच्या पोर्टेबल पेटीतली, १९३१ साली आलेल्या मॉडेलची. खोकं आणि कर्णा कालपरवाचे. अशी जोडयंत्रं मुंबईच्या चोरबाजारापासून दिल्लीपर्यंत सगळीकडे मिळतात. परदेशी संग्राहकांनी त्यांना ठेवलेलं नाव घरंदाज माणसांसमोर घेता येत नाही. गंमत अशी, की ती पोर्टेबल पेटी जशीच्या तशी राहिली असती, तर अस्सल ठरली असती. पण सुटकेससारखं दिसणारं यंत्र दिवाणखान्यात कोण ठेवणार? कर्णा नसला, तर साहेब खूश झाला होता यावर पाहुण्यांचा विश्वास कसा बसायचा?

हे सगळं मी एका घरी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. यजमान थोडा वेळ गप्प बसले. मग लेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "कुत्रा तरी खरा हाये ना?"

मी म्हटलं, कुत्रा खरा, नाव निपर. तो वारल्यावर त्याचा मालक फ्रान्सिस बॅरॉड यानं ते चित्र काढलं. पण त्यात निपर ऐकत होता एडिसनच्या पद्धतीचा नळकांड्याचा फोनोग्राफ, काळ्या कर्ण्याचा. पितळी कर्णा जास्त उठून दिसेल म्हणून तो मागायला बॅरॉड ग्रामोफोन कंपनीत गेला. कंपनी म्हणाली, कर्ण्याचं काय घेऊन बसलात, अख्खं यंत्रच आमचं काढा, आम्ही चित्र विकत घेतो. १८९९ साली त्यानं जुन्या यंत्रावर रंग चढवून ग्रामोफोन रंगवला. खालचा फोनोग्राफ अजून चित्रात आहेच.

यजमानांचा चेहरा उजळला. "म्हन्जे साहेबानंबी जुन्यावर पितळी कर्णाच बसवला! मंग आमचाच काय गुन्हा?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी विषय बदलून कोपऱ्यातल्या पोत्याकडे वळलो. आत तबकड्या होत्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, लाखेच्या, त्यात बालगंधर्वांच्याही. लाखेचा किडा पळसावर पोसतो आणि पळस तर आमच्या घाटात पावलोपावली आहे. मी म्हटलं, तुमच्या घरातला जुना ऐवज हा. "ते त आमी भंगारात देनार होतो," यजमान म्हणाले, "तुमी घेऊन जा. मले फक्त यंत्राचं सर्टिफिकेट लिहून द्या."

खोटं लिहायचं नव्हतं आणि चहा तर पिऊन झाला होता. मी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. वरच्या ओळीत "या यंत्रातील फक्त मोटर", खालच्या ओळीत "जुनी व अस्सल आहे." खाली सही.

पुढे एक अनोळखी गृहस्थ नवीनच घेतलेलं यंत्र दाखवायला घरी आले. कर्णा ओळखीचा वाटला. पुराव्यादाखल त्यांनी फ्रेम केलेला कागद पुढे केला. फ्रेमवाल्यानं वरची ओळ पट्टीखाली नीट बसवली होती. "खालची सही तरी अस्सल आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चहा घेणार?